बसऱ्याचा मोती

कुवेतला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही आधी मुबारकियाला नेतो. खजूर, केशर, अत्तरांच्या दुकानांनी गजबजलेला हा जुना बाजार. पाहुणे सोन्याच्या दुकानांकडे वळतात. मी मात्र ‘मिस्बाह’, म्हणजे इथल्या जपमाळा विकणाऱ्यांपाशी रेंगाळते. ३३ मण्यांच्या त्या रंगीत माळा पाहिल्या की हात शिवशिवतात.

त्याला कारण आहे. सालमियातल्या आमच्या घरी महिन्यातून एका शुक्रवारी पाच-सहा मैत्रिणी मुलींना घेऊन जमतात आणि आम्ही ब्रेसलेट करतो. सामान थोडेच: मणी, गोल टोकांची पक्कड, कटर आणि मेमरी वायर. ही पोलादी तार स्प्रिंगसारखी असते, ताणून सोडली की पुन्हा गोल होते. मनगटाला दीड वेढा बसेल एवढी तोडायची, एका टोकाला पकडीने बारीक कडी वळवायची, मणी ओवायचे आणि दुसऱ्या टोकाला तशीच कडी. कडी पूर्ण मिटली पाहिजे, नाहीतर पदराचा धागा ओढला जातो.

गेल्या दिवाळीत सासूबाई इथे होत्या. त्यांनी बटव्यातून एक मोती काढला. जुन्या नथीतून निसटलेला, किंचित पिवळसर. म्हणाल्या, “बसऱ्याचा आहे. नातीच्या ब्रेसलेटमध्ये घाल.”

जुन्या मोत्याचे वेज अगदी बारीक. मेमरी वायर त्यातून जाईना. वेज मोठे करायला जावे तर मोती तडकायची भीती. मग केसासारखी पितळी तार त्यातून ओवली, पीळ दिला आणि मोती कडीला लोंबता ठेवला.

लेक म्हणाली, “आजी, हा मोती कुवेतचा की आपला?”

मी नकाशा काढला. बसरा इथून उत्तरेला, सीमेपलीकडे. ती बाजारपेठ, मोती मात्र याच आखातातले. तेलाआधी कुवेत बरेचसे त्यांच्यावर जगत होते. उन्हाळ्याचे चार महिने गलबते समुद्रात असत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाशी दगडाचे वजन घेऊन तळाशी जात आणि एका दमात जमतील तेवढे शिंपले घेऊन वर येत. हंगामाआधी घरखर्चाला उचल घेतलेली असे. मोती कमी मिळाले की कर्ज पुढच्या वर्षावर. गलबताच्या प्रमुखाला इथे ‘नोखदा’ म्हणतात, आपल्या कोळीवाड्यातला नाखवा. मोत्यांची मोठी पेठ मुंबई. मुंबईशी व्यवहार इतका, की कुवेतमध्ये १९६१ पर्यंत रुपया चालत होता! पुढे जपानचे संवर्धित मोती आले, जागतिक मंदी आली आणि धंदा बसला. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागले.

बोलता बोलता लक्षात आले, सगळ्या मुली मणी सोडून नकाशाभोवती बसल्या होत्या. एकीने तर हात वर करून प्रश्न विचारला.

गावी मी सात वर्षे शाळेत शिकवले. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आल्यापासून “तुम्ही काय करता?” असे कुणी विचारले, की मी विषय बदलत असे. त्या दिवशी पानांच्या वेळेपर्यंत माझा वर्ग चालला.

आता आमच्या शुक्रवारी आधी नकाशा, मग मणी. परवा एका मैत्रिणीच्या मुलीने फोन करून विचारले, “बाई, या वेळी कुठला देश?”