पिकेट अव्हेन्यूवरचा कारखाना

डेट्रॉइटला भाच्याकडे चार दिवस मुक्काम होता. नदी पाहून झाली, चित्रसंग्रहालय झाले. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "अरे, मोटारींच्या गावी येऊन मोटारीचे बाळंतघर नको का पाहायला?"

"मामा, तुम्हाला नट आणि बोल्ट यांतला फरक तरी कळतो का?" असे म्हणत त्याने गाडी काढली.

पिकेट अव्हेन्यूवरची ती तीन मजली विटांची इमारत १९०४ सालची. आता तिथे संग्रहालय आहे. लांबलचक, अरुंद, दोन्ही बाजूंना खिडक्याच खिडक्या. लालबाग-परळच्या गिरण्या पाहिलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. पायांखाली तेल प्यालेली लाकडी जमीन. तिसऱ्या मजल्याच्या एका कोपऱ्यात हेन्री फोर्डने मोजक्या माणसांना हाताशी धरून 'मॉडेल टी' आखली आणि १९०८ साली ती येथूनच बाहेर पडली. आराखडे खडूने फळ्यावर काढीत, हे ऐकून माझ्यातला मास्तर सुखावला!

माहिती सांगणारे गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, मोटार कारखान्यातूनच निवृत्त झालेले. ते म्हणाले, येथे गाडी हलत नसे, माणसे हलत. सांगाडा एका जागी मांडायचा आणि टोळीने त्याच्याभोवती राबून तो पुरा करायचा. सगळेच काही येथे घडत नसे. इंजिने डॉज बंधूंच्या कारखान्यातून येत. तरी आपण जोडलेली गाडी आपल्या डोळ्यांदेखत सुरू होई. हे सुख पगारपत्रकात कुठे लिहिलेले नसते.

तिथून आम्ही वुडवर्ड अव्हेन्यूने उत्तरेला हायलंड पार्कला गेलो. फोर्डने १९१० साली कारखाना येथे हलवला. आज पुढे दुकाने आहेत, मागे जुन्या इमारतींचा काही भाग उभा आहे. पाहण्यासारखे फारसे नाही. आठवण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

इंजिनाला ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो पूर्वी एकच कारागीर जोडी. वीस मिनिटांत एक, दिवसाला पस्तीस-चाळीस. १९१३ साली त्या एका कामाचे २९ तुकडे झाले. प्रत्येकाच्या वाट्याला एक तुकडा. वेळ आला तेरा मिनिटे दहा सेकंदांवर, आणि पुढे पाच मिनिटांवर. मग सबंध सांगाडाच सरकू लागला. साडेबारा तासांचे काम दीड तासात! गाडी स्वस्त झाली, साध्या शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली, हे कबूल केलेच पाहिजे. पण तो मॅग्नेटो जोडणारा गडी? त्याच्या हाती आता दिवसभर तेच दोन-तीन स्क्रू.

माणसे सोडून जाऊ लागली. सुमारे १४,००० कामगारांचा कारखाना चालू ठेवायला त्या एका वर्षात ५२,००० माणसे घ्यावी लागली. तेव्हा ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने जाहीर केले : आठ तास काम, रोज पाच डॉलर. पूर्वीच्या दुप्पट! ऐन थंडीत हजारो लोक फाटकाशी लोटले. आठवड्याभरात गर्दी पांगवायला त्यांच्यावर बंबाचे पाणी सोडावे लागले. पाचांतला निम्मा भाग मात्र नफ्यातला वाटा होता आणि तो चांगल्या चालीच्या माणसालाच मिळे. चाल पाहायला कंपनीचे लोक घरी येत. दारू पितो का, बचत करतो का, बायकोला नीट वागवतो का, अशी चौकशी. आमच्याकडे मुलगी पाहायला आलेले लोकही इतके विचारीत नाहीत.

उपाय लागू पडला, माणसे टिकली. पण ज्या निष्ठेसाठी घरात डोकवावे लागते तिला निष्ठा म्हणायला माझी जीभ रेटेना. भाच्याला तसे बोललो. तो म्हणाला, "मामा, पोटापाण्याचे काय? दुप्पट पगार मिळाला तर कोण नाही टिकणार?" त्यानेही पंधरा वर्षांत तीन कंपन्या बदलल्या आहेत. मी गप्प बसलो.

परतताना मला सकाळचे ते गृहस्थ आठवले. "आपण कारखान्यात काय करीत होता?" असे मी निघताना त्यांना विचारले होते.

"पुढचे डावे दार बसवायचो. एकतीस वर्षे."

भाचा हसला. तेही हसले आणि म्हणाले, "अजून रस्त्यात आमची गाडी दिसली की आधी डावे दार पाहतो. नीट बसले आहे ना!"