तयारी कोणाची?

नांदेड-लातूरकडचा एखादा विद्यार्थी आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल गाजवू लागला की आम्हा प्राध्यापकांत प्रश्न निघतोच : हा ऑलिंपिकच्या तयारीचा आहे काय? भारताचा बास्केटबॉल संघ तिथे १९८० साली मॉस्कोला एकदाच खेळला, हे ध्यानी घेता शंका रास्तच. तरीही मला खाशाबा जाधव आठवतात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा मल्ल १९४८ला लंडनमध्ये सहावा आला. १९५२ला हेलसिंकीत त्याने कांस्यपदक जिंकले. त्या दुसऱ्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. नांदेडची गोळाफेकपटू भाग्यश्री जाधवही टोकियो पॅरालिंपिकमध्ये सातवी, तर २०२४ला पॅरिसमध्ये पाचवी आली. पहिली संधी हा तयारीचाच भाग असतो. ती देण्याइतके आपण शिक्षक तयार आहोत काय, हे मात्र आमच्या चर्चेत कोणी विचारत नाही.