कोटजाईच्या काठापासून पिंगुळीपर्यंत

दापोलीला येणारा प्रवासी बहुधा हर्णै-मुरूडच्या किनाऱ्याकडे वळतो. परंतु इंग्रजी अमलाच्या आरंभी पडलेल्या लष्करी छावणीमुळे ‘कॅम्प’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या गावातून समुद्राकडे पाठ करून, डोंगर उतरून कोटजाई नदीच्या काठी गेले, तर पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह दृष्टीस पडतो, आणि हीनयानापासून वज्रयानापर्यंत व तेथून नाथपंथापर्यंत कोकणच्या धर्मजीवनाने केलेली दीर्घ वाटचाल तेथील दगडात उमटलेली आढळते. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी या स्थळाचा साक्षेपाने अभ्यास करून प्रणालक नावाचे प्राचीन स्थान ते हेच, असा निर्वाळा दिला. शिलाहार विक्रमादित्याचा ११३९ सालचा ताम्रपटही याच गावचा.

एकोणिसाव्या लेण्यात शिवलिंग आहे, आणि वर छतावर रामकथेतील व इतर पौराणिक प्रसंग लहान लहान चौकटींत कोरलेले आहेत. मान उंच करून ते पाहताना माझी खात्री झाली, की हे शिल्प केवळ डोळ्यांसाठी नाही; ज्याला कथा ठाऊक आहे असा कोणी शेजारी उभा राहून ती सांगू लागला, म्हणजेच या चौकटी एकमेकींशी जोडल्या जातात. त्या ताम्रपटाच्या अवघी काही वर्षे आधी, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्या कलावंताचा उल्लेख आहे, हे येथे आवर्जून आठवते.

तो कलावंत नामशेष झालेला नाही. दापोली सोडून दक्षिणेकडे, जांभ्याचे सडे आणि खाड्यांवरचे पूल मागे टाकीत कुडाळजवळच्या पिंगुळीस मी पोचलो, तेव्हा ठाकर समाजाच्या वस्तीत चित्रकथीची पोथी प्रथम पाहावयास मिळाली. पोथी म्हणजे एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा संच. दोन चित्रे पाठीला पाठ लावून डकविलेली, त्यामुळे पान उलटले की कथा पुढे सरकते. चेहरे बहुधा एकचष्म, म्हणजे एका बाजूनेच दिसणारे, डोळे विशाल, रेषा ठसठशीत. युद्धप्रसंगी तर साऱ्या आकृती चौकट फोडून बाहेर येऊ पाहणाऱ्या. मुख्य गायक पान श्रोत्यांसमोर उभे धरतो, गातो, मध्येच गद्यात निरूपण करतो, आणि वीणा, टाळ व हुडूक यांची साथ चालू असते. आख्याने रामायण-महाभारताचीच, पण वाल्मीकि-व्यासांना ठाऊक नसलेली कितीतरी उपकथानके त्यांत सुखेनैव नांदतात, आणि मला तर तीच अधिक मोलाची वाटतात. कारण लोकांनी आपल्या देवांशी केलेला संवाद तेथे ऐकू येतो.

सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने ही कला तगली. कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावच्या देवळात आख्यान लावावे, हेही ठरलेले असे. तो आश्रय ओसरल्यावर पोथ्या संग्राहकांकडे जाऊ लागल्या. पैठण परिसराच्या नावाने प्रसिद्ध झालेली याच परंपरेची चित्रे पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात, आणि ती जपली गेली याबद्दल कृतज्ञताच वाटावी. मात्र काचेमागील चित्र मुके असते. चित्रकथीचे कलावंत परशुराम गंगावणे यांनी पिंगुळीत आपल्या गोठ्याचे रूपांतर संग्रहालयात करून पोथ्यांबरोबर कळसूत्री व चामड्याच्या बाहुल्याही सांभाळल्या, आणि गायन शिकविणे चालू ठेवले, याचे महत्त्व त्यामुळेच फार मोठे आहे. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ती सर्वथा योग्य होती.

वाचकांपैकी कोणी पिंगुळीस गेलेच, तर दिवाणखान्यासाठी एक सुटे चित्र विकत घेऊन परतू नये. बसावे, एक आख्यान लावावयास सांगावे, त्याची योग्य बिदागी द्यावी, आणि ते अखेरपर्यंत ऐकावे.