अनुपान

बाळगुटी उगाळायची ती आईच्या दुधात, असा आजीचा दंडक. कडू चूर्ण मधातून, हिंग कोमट पाण्यातून. कशातून काय द्यायचं याचा हिशेब तिच्या बोटांवर असायचा. बंगळुरूतल्या बेळ्ळंदूरच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या विस्टार उंदरांना नवी औषधं पाजताना मीही तोच हिशेब करते. आजी ज्याला अनुपान म्हणायची, त्याला आम्ही 'व्हेइकल' म्हणतो, इतकंच.

नवीन रेणू पाण्यात विरघळायला बहुधा नाखूषच. मग रोजचा तोडगा म्हणजे दाटपणा आणणारं अर्धा टक्का सीएमसी आणि साबणासारखं किंचित ट्वीन-80. सीएमसीची भुकटी पाण्यात एकदम ओतली की फसलेल्या पिठल्यासारखं होतं, गुठळी वरून बुळबुळीत आणि फोडली तर आत कोरडं पीठ. म्हणून स्टरर चालू ठेवून चिमटीचिमटीने भुरभुरवायची. ट्वीन शेवटी, आणि घाई न करता, नाहीतर फेस. बेळ्ळंदूरकरांना फेसाचं काय सांगावं! 2015 साली तळ्यातला साबणी फेस थेट रस्त्यावर आला होता. सिरिंजमधला फेस दिसायला बापुडा, पण 240 ग्रॅमच्या उंदराला किलोमागे 10 मिलीप्रमाणे 2.4 मिली जायला हवं, आणि त्यातले बुडबुडे किती हे कुणाला मोजता येतं? शिवाय औषध तळाशी बसतं. दर सिरिंज भरताना ढवळावंच लागतं.

पोटातून दिलेलं बरंच काही खपून जातं. शिरेतून दिलेलं खपत नाही. जुन्या नोकरीत एक रेणू कशातच विरघळेना, तेव्हा मी डीएमएसओ या द्रावकाचं प्रमाण वाढवत नेलं. उंदीर वाचवायचे म्हणून नुसत्या व्हेइकलचा गट गाळला, आणि ही काटकसर आहे असं मला मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्याखालचा कागद लालसर. दोन आठवडे आम्ही त्या रेणूला दोष देत बसलो. मग 3 उंदरांना बिनऔषधाचं तेच मिश्रण दिलं. लघवी तशीच लाल. तांबड्या पेशी फोडल्या होत्या डीएमएसओनेच, आणि चांगला असू शकणारा रेणू तोवर फायलीत मिटला होता.

हा धडा माणसांवर फार महाग पडलाय. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे उपयोगी औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून विकलं. रासबेरीचा स्वाद घातला, पण प्राण्यांवर तपासणी केली नाही. शंभरावर माणसं गेली, त्यांत पुष्कळ मुलं. आपल्याकडे 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 14 रुग्ण दगावले. तिथे ग्लिसरीन हेच औषध होतं, आणि त्यात भेसळ याच ग्लायकॉलची. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगापुढची साक्ष वर्तमानपत्रात यायची, ती बाबा मोठ्याने वाचत. तेव्हा मला 'मूत्रपिंड' एवढा एकच शब्द कळला होता.

काल नवी मुलगी विचारत होती, "मॅडम, या 6 उंदरांना तर औषध नाहीच. त्यांना कशाला एवढं मोजूनमापून?"

गोल टोकाची सुई तिच्या हातात होती, सिरिंज अंदाजानेच भरलेली.

"अगं," म्हटलं, "ती रिकामी कर. आधी त्यांची वजनं घे."