राजीनाम्याची तारीख आणि राजीनाम्याचे कारण

मन न रमणारी नोकरी सोडायची वेळ झाली, हे माणसाला बहुतेकदा अपमानाच्या दिवशी कळते. निदान पुढे तो तसे सांगतो. सातारा-सांगली भागात (१९४९ पर्यंत हा मुलूख, मधले संस्थानी तुकडे वगळता, एकच सातारा जिल्हा होता) नोकरीवर पाणी सोडलेल्या माणसांच्या कथा पुष्कळ आहेत. त्यांत सर्वांत जास्त वेळा सांगितला गेलेला अपमान लक्ष्मणराव किर्लोस्करांचा.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंग नीट ओळखू येत नाहीत असे निघाले, तेव्हा यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक म्हणून लागले. पुढे बढतीची जागा निघाली. हक्क त्यांचा होता. जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. १८९७ मध्ये लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बढती डावलली जाते तेव्हा पगारातला फरक ही लहान बाब असते. माणूस तोवर एका हिशेबावर विसंबून असतो: काम चोख केले, वर्षे भरली, की पुढची पायरी. हा हिशेब कोणी कागदावर लिहून दिलेला नसतो, त्यामुळे मोडला तरी दाद कुठे मागायची हेही कळत नाही. इंग्रजी अमलातल्या संस्थांत एतद्देशीयांसाठी हा हिशेब एका ठरावीक पायरीशी थांबे. ही गोष्ट गुप्त नव्हती. तरीही आपली पाळी येईपर्यंत ती दुसऱ्यांच्या बाबतीतली वाटे. सर्वांत जाचणारा भाग तर निर्णयानंतरचा. डावलला गेलेला शिक्षक दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच फळ्यापुढे उभा राहतो. बरोबरीचे लोक हळहळतात, पुढच्या वेळी तुमचेच आहे म्हणतात, आणि त्या हळहळण्याने घाव भरण्याऐवजी रोज नव्याने मोजला जातो. वरच्या जागेवर बसलेला माणूस स्वभावाने चांगला असला तर आणखीच पंचाईत, कारण मग रागालाही जागा उरत नाही. अशा स्थितीत काम बिघडत नाही. उलट कित्येकांचे काम नेटके होते, वेळेवर होते, फक्त त्यात जीव उरत नाही. वरिष्ठांना हा फरक दिसत नाही आणि हजेरीपटात तर तो कधीच उतरत नाही. अन्याय म्हणून ही घटना जितकी साधी, तितकीच तिची सफाई चीड आणणारी आहे. नियम मोडलेला नसतो, कोणी आवाज चढवलेला नसतो, एक हुकूम निघतो आणि दुपारच्या डाकेने येतो.

मात्र लक्ष्मणरावांच्या राजीनाम्याचे कारण एवढ्या हुकमात सापडत नाही. १८८८ मध्येच बेळगावात त्यांच्या बंधूंनी, रामुअण्णांनी, सायकलींचे दुकान थाटले होते. लक्ष्मणराव मुंबईतून सायकली घेऊन पाठवीत. रामुअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये आणि शिकवणीचे १५ रुपये, असे त्या काळचे आकडे सांगितले जातात. म्हणजे हुकूम निघाला त्याच्या कितीतरी आधीपासून हा शिक्षक अर्धा बेळगावात होता. अपमानाने तारीख ठरवली, कारण आधीच तयार होते. मन न रमणे आणि मन दुसरीकडे रमणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोकरी सोडताना दुसरीचाच उपयोग होतो. ज्याला फक्त साहेब नकोसा झाला आहे, त्याला बदलीने बरे वाटते. ज्याचे डोके सुट्टीच्या दिवशीही दुसऱ्याच कामात असते, त्याला बदली देऊन काही होत नाही.

हेही मात्र पुरते खरे मानता येत नाही. बढती वेळेवर मिळाली असती तर लक्ष्मणराव आणखी काही वर्षे मुंबईत राहिले असते, आणि दुकान बंधूंचे दुकानच राहिले असते, हे अगदी शक्य आहे. मग हुकमाचेच आभार मानायचे? तेही नको. तशाच हुकमांनी शेकडो एतद्देशीय शिक्षक, कारकून, ओव्हरसिअर जागच्या जागी निवृत्त झाले. त्यांच्यावर चरित्रे निघाली नाहीत. अन्यायातून उद्योगपती घडतो असे म्हणणाऱ्याने त्या उरलेल्यांची मोजदाद करायला हवी.

कथा सांगणारे आणखी एक गाळतात. १८९७ चा राजीनामा आणि किर्लोस्करवाडी ही कारखान्याची वसाहत यांच्यामध्ये १३ वर्षे आहेत. बेळगावात लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला दोनेक वर्षे गेली. त्यातच कारखान्याची जागा सोडावी लागली. अखेर औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला ३२ एकरांचा माळ मिळाला, आणि १० मार्च १९१० रोजी वसाहतीला सुरुवात झाली. राजीनामा खिशात घेऊन फिरणाऱ्याने ही १३ वर्षे आधी मोजावीत. माळाचा फोटो नंतर पाहावा.

नाना पाटलांचे प्रकरण याहून वेगळे. ३ ऑगस्ट १९०० रोजी बहे-बोरगाव इथे जन्मलेले नाना वाळवा भागात तलाठी होते. गावचे दप्तर राखणे आणि सारा वसूल करणे हे त्यांचे काम. १९३० मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला आणि त्यांनी नोकरी सोडली. इथे बढती हुकलेली नाही, बाजूला थाटलेले दुकानही नाही. आदल्या वर्षी जे काम नुसते पोटापुरते होते, तेच काम एकाएकी विरुद्ध बाजूचे झाले. नोकरी तीच राहिली, भोवतालचे दिवस बदलले. तलाठ्याला गावातली प्रत्येक बांधबंदिस्ती, प्रत्येक थकबाकी माहीत असते. पुढे १९४३ नंतर नानांच्या भूमिगत प्रतिसरकारने गावोगावी न्यायनिवाडे चालवले, तेव्हा ही माहिती वाया गेली नसणार. त्या प्रतिसरकारचे एक मोठे ठाणे कुंडल, किर्लोस्करवाडीच्या शेजारचे गाव.

आजच्या सातारा-सांगलीत नोकरी लागणे याला चिकटणे म्हणतात. पोराला कुठेतरी चिकटवा, साखर कारखान्यात, जिल्हा बँकेत, एमआयडीसीत, संस्थेच्या शाळेत. एकदा चिकटलेल्याने सुटायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न हप्त्यांचा येतो, दुसरा धाकट्याच्या लग्नाचा. हे प्रश्न भित्रेपणाचे नाहीत. १९७२ च्या कायद्याने कायम कामगाराला ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला तो सलग ५ वर्षांच्या सेवेनंतर. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत मासिक पेन्शनसाठी १० वर्षे लागतात. साडेचार वर्षे झालेल्याने सहा महिने दात-ओठ खाऊन काढावेत, यात काही कमीपणा नाही. घोटाळा होतो तो पाच झाल्यावर दहाकडे आणि दहा झाल्यावर मुलांच्या दहावीकडे पाहत बसण्यात. घरात दुसरी मिळकत असली तर गोष्ट सोपी होते, आणि हे उघड बोलले जात नाही. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. सुमारे १२ वर्षांच्या वैद्यकीनंतर ते पूर्णवेळ सामाजिक कामाकडे वळले. त्यांच्या पत्नी शैलाताई याही डॉक्टर होत्या.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी मात्र नोकरी आणि ओढीचे काम दोन्ही बराच काळ एकदम रेटले. ते किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते, गावोगाव हिंडत. रयत शिक्षण संस्थेची स्थापना ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले इथे झाली, तेव्हाही ते नांगर विकतच होते. खरी ओढ कुठे आहे हे स्पष्ट झालेले असूनही त्यांनी लगेच राजीनामा फेकला नाही. फिरतीच्या नोकरीनेच त्यांना खेडी दाखवली, आणि शाळा नसलेली पोरेही. नंतर सातारा रोडच्या धनजीशहा कूपर यांच्या कारखान्याशी ते जोडले गेले. (हेच कूपर १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, थोड्या महिन्यांसाठी.) कारखान्याच्या मिळकतीतून शिक्षणाला पैसा मिळेल ही भाऊरावांची अपेक्षा होती. ती फोल ठरली आणि ते बाहेर पडले. इथे अपमान आला, पण तो स्वतःचा म्हणून नव्हे. वसतिगृहातल्या मुलांच्या वाट्याचे गेले म्हणून. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. ते चालवताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. नोकरी सोडण्याची किंमत कोण भरते, या प्रश्नाला राजीनामा देणाऱ्याखेरीज आणखी एक नाव असते. चरित्रांत त्याला बहुधा एक परिच्छेद मिळतो.

नोकरी सोडून आलेल्या या माणसांनी ज्या संस्था उभ्या केल्या, त्यांतली नोकरी मात्र लोकांनी सोडायची नाही अशी धरली. किर्लोस्करवाडीत बापाच्या मागे मुलगा कामाला लागला. रयतच्या शाळेत कायम झालेल्या शिक्षकाचे लग्न आजही अडत नाही. त्या शिक्षकांतही वर्ग संपल्यावर घड्याळ पाहणारे आहेत, आणि दुसऱ्या तालुक्यात बदली मागून बरे वाटणारेही.