नाव आणि नावे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ या दोन वाक्प्रचारांत अंतर आहे ते केवळ एका मात्रेचे. पहिल्यात पाळणा आहे, घुगऱ्या आहेत, आत्याने बाळाच्या कानात केलेले कुर्रर्र आहे. दुसऱ्यात ओटीवर बसून शेजाऱ्याच्या संसारातील उणी काढणारी मंडळी आहेत. या दोन्ही गोष्टी एका दमात करण्याचा प्रसंग माणसावर सहसा येत नाही. बारशाला आलेली बाई बाळाला नाव ठेवते आणि पानावर बसल्यावर यजमानाच्या जिलबीला नावे ठेवते. पण मध्ये थोडा तरी वेळ जातो. मार्च २०२० मध्ये मात्र इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रज्ञांनी एका सागरी जीवाचे बारसे केले, आणि एकाच शब्दात त्या जीवाला नाव ठेवून आपणां सर्वांना नावे ठेवली. जीवाचे नाव ‘युरिथेनीस प्लॅस्टिकस’.

जीव तसा लहानच, करंगळीएवढा. कोळंबी आणि खेकडा यांच्या दूरच्या गोतातला. गणाचे नाव अँफिपॉड, म्हणजे ‘दोन्ही तऱ्हेच्या पायांचा’. ग्रीक शब्द जुळवून हे नाव लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१६ साली केले. वाचकांना या गणाची ओळख नाही असे समजण्याचे कारण नाही. संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेले असता, भरतीने आणून टाकलेल्या ओल्या शेवाळाचा ढीग पायाने सारला, की त्यातून दोन्ही बाजूंनी चेपलेले, जिऱ्याएवढे किडे टणाटण उड्या मारीत सुटतात. ते याच घराण्यातले. लिनीयसने १७५८ साली यांच्या गोड्या पाण्यातील एका भाईबंदाची नोंद केली, तीही ‘पिसू-खेकडा’ अशा अर्थाच्या नावाने. आज या गणातल्या सुमारे दहा हजार जाती ठाऊक आहेत. त्यांच्या माद्या अंडी पाण्यावर सोडून देत नाहीत. पोटाशी असलेल्या पिशवीत ती वागवतात आणि पिल्ले पुरती पायावर उभी राहण्याजोगी झाली म्हणजे मगच बाहेर सोडतात. एवढ्याशा किड्यात हा ममतेचा भाग पाहिला म्हणजे त्याला किडा म्हणताना जीभ जरा अडखळते.

नवा जीव सापडला तो मात्र आपल्या पायाला लागण्यासारख्या ठिकाणी नव्हे. प्रशांत महासागराच्या पश्चिम भागात मरियाना नावाची सागरी दरी आहे. मरियाना ही स्पेनची एक राणी. तिने ही दरी पाहिली नव्हती, हे सांगणे नकोच. ‘चॅलेंजर’ या इंग्रजी जहाजाने १८७५ साली तिथे दोरी सोडून प्रथम खोली मोजली. या दरीच्या वरच्या अंगाला, ६,०१० ते ६,९४९ मीटर खोलीवर, ‘फाल्कॉर’ या जहाजावरील मंडळींनी २०१४ साली आमिष लावलेले सापळे सोडले आणि त्यांत हे जीव आले. तिथे सूर्याचा किरण पोहोचत नाही, आणि पाण्याचा भार आपल्या डोक्यावरील हवेच्या सहाशे पटींहून अधिक असतो. वरून एखादा मेलेला मासा तळाशी येऊन पडला, की वासावरून हे जमतात आणि मिळेल ते अधाशासारखे गिळतात. या अधाशीपणावर पुढचे सारे प्रकरण अवलंबून आहे.

माझी एक भाची असल्याच बारीक सागरी जीवांचा अभ्यास करते. नव्या जातीचे ‘वर्णन’ करतात, म्हणजे नेमके काय करतात, असे मी तिला एकदा विचारले. वर्णन म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे सूर्योदयाचे, नाही तर नायिकेचे. ती हसली, आणि तिने मला सूक्ष्मदर्शकापाशी नेऊन बसवले. मद्यार्कात राखलेला चार मिलिमीटरांचा एक अँफिपॉड तिने ग्लिसरिनच्या थेंबात ठेवला आणि दोन बारीक सुयांनी त्याचा एकेक अवयव सुटा केला. मिशांसारख्या शृंगिकांच्या दोन जोड्या, जबडे, जबड्यांमागची मुखांगे, छातीच्या पायांच्या सात जोड्या (पैकी पुढच्या दोन पकडीच्या), पोटाखाली पोहण्याच्या पायांच्या तीन जोड्या आणि शेपटीकडे आणखी तीन. प्रत्येकाचे चित्र काढायचे, प्रत्येकाच्या सांध्यांची लांबी-रुंदी घ्यायची, कोणत्या कडेवर काटे किती आणि रोम किती ते मोजायचे. आमच्या संस्कृत कवींनी नायिकांची नखशिखान्त वर्णने पुष्कळ केली. पण नायिकेच्या पायाच्या चवथ्या सांध्याच्या आतल्या कडेस केस किती, हे कोणी मोजून ठेवल्याचे मला आठवत नाही. ही मंडळी ते ठेवतात, आणि वाचणारेही ते पुनःपुन्हा वाचतात.

“नाव सर्वांत शेवटी, मामा,” भाची सुयांवरची नजर न काढता म्हणाली, “आणि तेच सर्वांत सोपे. हा आतापर्यंतच्या कोणासारखाही नाही, हे दाखवणे कठीण. त्यासाठी आतापर्यंतचे सगळे कोण, ते माहीत असावे लागते.”

‘आतापर्यंतचे सगळे’ हे दोन शब्द उच्चारायला सोपे आहेत. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या चार वर्षांत जगभरच्या समुद्रांतून जे अँफिपॉड गोळा केले, त्यांचे वर्णन टॉमस स्टेबिंग या इंग्रज धर्मोपदेशकाने १८८८ साली प्रसिद्ध केले: सतराशेंहून अधिक पाने आणि २१० चित्रफलक. या गृहस्थाने डार्विनचा पक्ष उघडपणे घेतला होता, आणि त्यामुळे चर्चने त्याला आपल्या अधिकारातले एकही गाव कधी दिले नाही. प्रवचनासाठी मिळालेले आयुष्य त्याने किड्यांच्या पायांवरचे केस मोजण्यात घालवले. ज्यांना हा अपव्यय वाटत असेल त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की आजही या गणात नवी जात सांगणाऱ्याला त्याच्या दारावरून गेल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आता केसांच्या जोडीला जनुकांची साक्षही घेतात. युरिथेनीस या कुळात पुष्कळ काळपर्यंत ‘ग्रिलस’, म्हणजे रातकिडा, या एका नावाखाली जगभरच्या जीवांना कोंबलेले होते. जनुके तपासल्यावर त्या एका छपराखाली अनेक बिऱ्हाडे नांदत असल्याचे उघड झाले. मरियानाचा जीव त्या कुळातील दहावी जात ठरला.

त्याच्याशी रूपाने सर्वांत जवळची जी जात आहे तिचे नाव वाचून मी थबकलो. ‘युरिथेनीस अंधकाराए’! २०१५ साली दोन युरोपीय शास्त्रज्ञांनी समुद्रतळाच्या काळोखावरून हे नाव दिले आणि त्यासाठी शब्द घेतला तो आपल्या संस्कृतातला. त्याला लॅटिनचा षष्ठीचा प्रत्यय लावला तोही आकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचा. ‘अंधकारस्य’ शिकलेल्या एखाद्या शास्त्रीबुवांच्या कपाळाला आठी पडेल. पडो. ज्या ठिकाणी कोणीच काही पाहू शकत नाही तिथल्या जीवाला ‘अंधाराचा’ म्हणावे, यात औचित्य आहे, आणि त्या नावात कोणावर रागही नाही. २०२४ साली चिलीजवळच्या अटाकामा दरीत, सुमारे ७,९०० मीटर खोलीवर सापडलेल्या एका शिकारी अँफिपॉडलाही ‘डल्सिबेला कामान्चाका’ असे नाव दिले. त्यातला दुसरा शब्द अँडीज पर्वताकडील लोकांच्या बोलींतला, आणि त्याचाही अर्थ काळोखच. जगाच्या दोन टोकांच्या भाषांनी त्या तळाला एकच विशेषण शोधावे, याची मला मोठी मौज वाटते.

मरियानाच्या जीवाला मात्र ते भाग्य लाभले नाही. तपासणीत एका नगाच्या आतड्याच्या शेवटच्या भागात एक तंतू सापडला, मिलिमीटरहूनही आखूड. यंत्राने परीक्षा केली तेव्हा तो ८३.७४ टक्के एका ओळखीच्या पदार्थाशी जुळला. त्या पदार्थाचे रासायनिक नाव पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट; पाण्याच्या बाटल्या होतात तो, आणि टेरिलीन होते तेही त्याचेच. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या कापडछपाईच्या संस्थेत काम करीत असता १९४१ साली त्याचा शोध लावला. आमच्या घरात टेरिलीनचा पहिला सदरा आला तो माझ्या थोरल्या काकांचा. त्याला इस्त्री नको, सुरकुती ठाऊक नाही, रात्री धुऊन टाकला की सकाळी अंगात. आजीने तो दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, “हे कापड मरत नाही म्हणतात.” तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. असले कापड धुताना त्याचे तंतू झडतात, पाण्यावाटे नदीला आणि नदीवाटे समुद्राला मिळतात, आणि कुठे तरी तळाशी एक अधाशी जीव मेलेल्या माशाबरोबर तेही गिळतो.

म्हणून नाव ‘प्लॅस्टिकस’. नाव देणाऱ्यांचा हेतू त्यांनी स्पष्टच सांगितला आहे: महासागराच्या तळापर्यंत आपला कचरा गेला, हे जगाच्या कानी पडावे. आणि ते पडलेही. नव्या अँफिपॉडची वार्ता वर्तमानपत्रांनी छापावी, असे एरवी होत नाही.

पण नाव ज्याला मिळाले त्याचे काय? आपल्याकडे मुलाला वाईट नाव ठेवण्याचे दोन प्रकार होते, आणि ते वरवर सारखे दिसले तरी त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ज्या घरात मुले जगत नसत तिथे मागाहून झालेल्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा केरबा ठेवीत. केरात टाकलेला, धोंड्याच्या मोलाचा. याच्याकडे मृत्यूने कशाला पाहावे? माझ्या आजोळी शेजारच्या घरात अशाच नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. तीन भावंडे गेल्यावर ते जन्मले. आपल्या नावाबद्दल ते एखाद्या पदवीबद्दल बोलावे तसे बोलत. त्यात त्यांच्या आईचा सारा जीव होता. दुसरा प्रकार ‘नकुशी’चा. मुलीवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला नको असलेली म्हणून ते नाव. तिथे कोणाला चुकवायचे नव्हते, तीच नको होती. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८० हून अधिक नकुशींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ज्या मुलींनी त्या दिवशी आपले नाव आपण निवडले, त्यांना शाळेच्या हजेरीत ते प्रथम ऐकताना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही.

प्राणिशास्त्रात असा समारंभ होत नाही. रीतसर प्रसिद्ध झालेले नाव अनुचित आहे एवढ्या कारणावरून बदलता येत नाही, असा त्या शास्त्राचा नियमच आहे. स्लोव्हेनियातील गुहांत राहणाऱ्या एका आंधळ्या भुंग्याला १९३७ साली हिटलरचे नाव दिले, ते आजही त्याच्या मागे आहे. आणि असली नावे बदलण्याची विनंती २०२३ साली नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने साफ नाकारली. नावे सारखी बदलू लागली तर शंभर वर्षांपूर्वीचा ग्रंथ आज वाचता येणार नाही, हे त्यांचे कारण मला पटते. पण मग जे एकदाच आणि कायमचे द्यायचे, ते रागाच्या भरात द्यावे काय?

मी हे भाचीपाशी बोललो तेव्हा तिने राग-लोभाचा प्रश्नच बाजूला सारला. तिचा आक्षेप निराळा, आणि मला वाटते अधिक नेमका होता. २०१९ साली याच विषयातील शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागराच्या कडेच्या सहा दऱ्यांतून काढलेल्या ९० अँफिपॉडांची आतडी तपासली होती. त्यांपैकी ६५ जणांच्या पोटात असे मानवनिर्मित तंतू वा कण निघाले. मरियाना दरीतल्या तर एकूण एक नगांत. “नावाचे काम एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखवणे,” ती म्हणाली. “हे तर त्या दरीतल्या सगळ्यांचेच नाव झाले. त्याचे पाय मात्र त्याचेच आहेत.”

यावर मला उत्तर सुचले नाही, आणि ते नसेलही. तरी मी थोडा त्या नाव ठेवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. स्टेबिंगच्या सतराशे पानांनी जे साधले नसते ते या एका शब्दाने साधले: ज्यांनी अँफिपॉड कधी पाहिला नाही त्यांनी घटकाभर का होईना त्याच्या आतड्याचा विचार केला. शिवाय त्या नावात नकुशीचा भाव मला दिसत नाही. हातात चिमटा घेऊन त्या जीवाच्या प्रत्येक सांध्यावरचे रोम ज्यांनी मोजले, त्यांना तो नको होता असे कोण म्हणेल? ते नाव मला केरबाच्या जातीचे वाटते. खरोखरच केरात सापडलेले मूल ते! मराठीत या जीवाला नाव असण्याचा प्रश्नच नाही, आमच्या कोळ्यांची जाळी सहा हजार मीटर खाली जात नाहीत. म्हणून त्याला मराठीत केरबाच म्हणावे, अशी सूचना मी भाचीला केली. शास्त्रात टोपणनावांना जागा नसते, असे म्हणून तिने ती फेटाळली. घरात मात्र आम्ही तेच नाव चालवतो. परवा फोनवर तिनेच ‘आपला केरबा’ म्हटले, आणि मग घाईघाईने त्याचे लॅटिन नाव पूर्ण उच्चारले.