सहाशे बारा खवले

पिंप घरी आलं तेव्हा त्याला व्हिनेगरमध्ये मुरलेल्या मिरच्यांचा वास येत होता. 55 गॅलनचं, म्हणजे साधारण 208 लिटरचं, निळं प्लास्टिकचं पिंप. सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतलं, तरी गॅरेजमधला वास आठवडाभर हटला नाही. त्या पिंपातून मला लेकीसाठी जपानी चिलखत काढायचं होतं.

आम्ही पिट्सबर्गला राहतो. लेक कॉलेजात असताना ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अॅनाक्रॉनिझम’मध्ये जाऊ लागली. 1966 साली कॅलिफोर्नियात, बर्कलीला सुरू झालेली ही संस्था. जुन्या काळातलं शिवणकाम, स्वयंपाक, कारागिरी आणि लढाई हे सगळं तिथे स्वतःच्या हाताने करून शिकायचं असतं. लढाईत तलवारी वेताच्या असतात, किमान सव्वा इंच जाडीच्या, पण वार खरे. वार लागला की नाही, हे ज्याच्यावर पडला तोच सांगतो आणि त्याचा शब्द मानला जातो. हे ऐकलं तेव्हाच माझ्या मनात या खेळाबद्दल आदर बसला. पण एका शनिवारी लेकीच्या बरगडीवर वीतभर काळानिळा वळ पाहिला आणि रात्रभर झोप लागली नाही. सकाळी तिला म्हटलं, “तुझं चिलखत मी करते.”

तिला दोमारू हवं होतं. पायी लढणाऱ्यांसाठी घडलेलं, अंगाभोवती गुंडाळून उजव्या काखेखाली बांधायचं चिलखत, कमरेखाली आठ झुलते पदर. सुरुवात करण्याआधी मी न्यूयॉर्कला गेले. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं एक ओयोरोई आहे, घोडेस्वाराचं. आशिकागा ताकाउजी या सेनानीने ते क्योटोजवळच्या एका देवस्थानाला वाहिलं, अशी परंपरा सांगते. 1914 साली म्युझियमला ते देणारे बॅशफर्ड डीन मूळचे माशांचे अभ्यासक. काही वर्षं ते न्यूयॉर्कच्याच निसर्गविज्ञान संग्रहालयात मासे आणि मेट्रोपॉलिटनमध्ये शस्त्रं-चिलखतं असं दोन्ही सांभाळत होते. एकच माणूस दोन्हीकडे कसा रमला असेल, ते त्या काचेसमोर उभं राहिल्यावर उमगतं.

चिलखत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लोखंडी कड्यांची जाळी येते. या चिलखताची घडण निराळी. त्याचा खवला म्हणजे कोझाने, लोखंडाची किंवा कच्च्या चामड्याची चिंचोळी पट्टी. तिला दोन उभ्या ओळींत 13 भोकं, एकीत सहा, दुसरीत सात. प्रत्येक खवला शेजारच्याला अर्धा झाकतो, त्यामुळे कुठेही बोट ठेवलं तरी बोटाखाली दोन खवले असतात. मागे अस्तर नाही, कापडाचा आधार नाही. खवला खवल्यालाच बांधलेला. म्हणजे सगळा आराखडा भोकांत आहे. वहीत चित्र काढताना हे मी लिहून घेतलं होतं, पण त्याचा अर्थ घरी आल्यावर कळला.

पहिल्या 60 खवल्यांना मी पेन्सिलीने खुणा करून भोकं पाडली. एकेक हातात घेऊन पाहिला तर निर्दोष. मेण लावलेल्या दोऱ्याने आडवे ओवत गेले आणि सरळ यायला हवी ती पट्टी विळ्यासारखी वाकली. एका भोकाची अर्ध्या मिलिमीटरची चूक पुढच्या प्रत्येक खवल्याने आपल्या पदरात घेतली होती. साठही बाजूला ठेवले. मग लोखंडी पत्र्याचा साचा केला आणि त्यातूनच भोकं पाडली, ड्रिल हळू फिरवत. वेगाने फिरवलं की हे प्लास्टिक वितळतं आणि भोकाच्या तोंडाशी गोळा होतं. तीन सेंटिमीटर रुंद, सहा उंच, तीन मिलिमीटर जाड असे 612 खवले. भोकं 7,956. चार महिन्यांच्या संध्याकाळी त्यातच गेल्या.

रंगाने फार छळलं. जपानी कारागीर खवल्यांवर ऊरुशी चढवत, एका झाडाच्या चिकाचं लाखेसारखं लेपण. ते सुकायला दमट, उबदार हवा लागते. माझ्या पिंपाच्या प्लास्टिकवर मात्र कुठलाच रंग धरेना; काळा थर उन्हाने सोललेल्या कातडीसारखा निघून येई. शेवटी प्रत्येक खवल्यावरून गॅसच्या बत्तीची ज्योत क्षणभर फिरवली आणि मग रंग दिला. तो टिकला.

उभी ओवणी, जिला ओदोशी म्हणतात, तिच्यासाठी मी गडद निळ्या चपट्या नाड्या आणल्या, दीडशे मीटरच्या वर. प्रत्येक खवल्यातून नाडी जाते ती दाट पद्धत, केबिकी. इथे मला आमचे अण्णा आठवले. साताऱ्याकडच्या घरी ते बाज विणायचे. सुंभ ओढताना म्हणायचे, सगळीकडे ओढ सारखी हवी, जास्त नको. चिलखताचंही तेच. आडवी पट्टी फळीसारखी ताठ बांधायची आणि पट्टी पट्टीला लटकवताना नाडी सारख्या लांबीची, मोकळी सोडायची. मगच बसता येतं, वाकता येतं, पदर एकमेकांवर सरकतात. ऑगस्टच्या तोंडावर शेवटची गाठ मारली. वजन भरलं साडेचार किलो. अंगात चढवून लेक दोनदा उकिडवी बसली, हात उंचावले आणि म्हणाली, “आई, हे माझ्याबरोबर हलतंय.” इतकं मोलाचं कौतुक मला आयुष्यात फार थोड्या वेळा मिळालं आहे.

पेन्सिक नावाचा संस्थेचा मोठा मेळावा 1972 पासून भरतो. तो आता आमच्या घरापासून तासाभरावर, स्लिपरी रॉकजवळ कूपर्स लेकला होतो आणि दहा हजारांवर माणसं तंबू ठोकून राहतात. तिसऱ्या दिवशी धो धो पाऊस आला. लेक मैदानातून परतली तेव्हा निळ्या नाड्या चिखलाने तपकिरी झाल्या होत्या आणि पाणी पिऊन चिलखत चांगलंच जड झालं होतं. मी बादलीवर बादली ओतली, ब्रशने घासलं. खवले चकचकीत निघाले, नाड्यांतला चिखल हलला नाही. दोन दिवसांनी वासही येऊ लागला.

साकाकिबारा कोझान या सामुराई पंडिताने 1800 साली चिलखतांवरच्या ग्रंथात दाट ओवणीविरुद्ध नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. भिजली की जड होते, लवकर वाळत नाही, थंडीत गोठते, चिखल निघत नाही, उवा आणि मुंग्या होतात, शिवाय भाल्याचं टोक निसटण्याऐवजी तिच्यात अडकतं. मी ते आधी वाचलं होतं. दाट ओवणी दिसायला सुंदर म्हणून निवडली होती. कोझानचं बरोबर होतं. या हिवाळ्यात मी आठही पदर उसवले आणि सुगाके पद्धतीने, दोन-दोन नाड्यांच्या विरळ जोड्यांनी पुन्हा ओवले. छाती-पाठीची दाट ओवणी तशीच ठेवली, कारण वार तिथे पडतात आणि नाड्यांचा थर थोडा धक्का खातो.

बरगडीवर त्यानंतर वळ उठला नाही. तुमच्यापैकी कोणी हे काम हाती घेतलं तर खवले कापण्याआधी लोखंडी साचा करा आणि प्रत्येक भोकाची धारदार कड दोन्ही बाजूंनी मोडा. ही दुसरी गोष्ट मी केली नव्हती. त्या मेळाव्यात 612 खवल्यांपैकी एकही फुटला नाही. नाड्या अकरा तुटल्या, त्या अकराही भोकाच्या कडेवर.